हरवलेलें मूल आणि गांवची दवंडी

संसारांतील बहुतेक संकटांना कांहीं ना कांहीं शेवट असतो. दुखणें एक तर बरें होतें, नाहीं तर माणूस जातें. गेलेल्यासाठीं रडतां येतें, त्याचे दिवस करतां येतात, आणि काळ आपल्या परीनें त्या दुःखावर खपली धरतो. ज्यांचें मूल हरवलें त्या आईबापांच्या वांट्यास मात्र यांतील कांहींच येत नाहीं. रडावें तर आशा रडूं देत नाहीं, आणि आशा धरावी तर उजाडणारा प्रत्येक दिवस तिला थोडी थोडी मोडीत काढतो. दुःखच असें दारुण असल्यामुळें त्याविषयीं घरांत आधीं बोलून ठेवणें लोकांना अभद्र वाटतें. परंतु जी गोष्ट बोलण्यास अभद्र वाटते तिची तयारीहि कोणी करीत नाहीं, आणि वेळ आली म्हणजे पहिला मोलाचा तास नुसत्या गोंधळांत जातो. म्हणून या महिन्यांत या सदरांत हा विषय घेण्याचें योजिलें आहे.

पूर्वी खेडेगांवीं गुरूं चुकलें, कोणाचें पोर दिसेनासें झालें, किंवा नदीला लोंढा येण्याचा संभव दिसला, म्हणजे दवंडी पिटीत असत. त्या दवंडीचे गुण आजहि ध्यानांत घेण्याजोगे आहेत. पहिला गुण हा कीं, ती पाटलाच्या हुकुमावांचून पिटली जात नसे. वाटेल त्यानें उठावें आणि डफ बडवावा असें नव्हतें. दुसरा, तिच्यांत मोघम भीति नसून नेमका मजकूर असे: कोणाचें पोर, केवढें, अंगावर काय, शेवटीं कोठें दिसलें. तिसरा, ती रोज उठून होत नसे. म्हणून डफाचा आवाज कानीं पडतांच हातांतलें काम टाकून लोक ओट्यावर येत. पुढें शहरें वाढलीं, एका वाड्यांतील बिऱ्हाडें एकमेकांस ओळखीनाशीं झालीं, दवंडी गेली, आणि तिची जागा पुष्कळ वर्षें रिकामीच राहिली. ती जागा अमेरिकेंत कशी भरली गेली, आणि त्यापासून आपण काय घ्यावें व काय टाळावें, हें पाहण्यासारखें आहे.

अमेरिकेच्या टेक्सास संस्थानांत आर्लिंग्टन नांवाचें शहर आहे. १३ जानेवारी १९९६ रोजीं तेथें अंबर हेगरमन नांवाची नऊ वर्षांची मुलगी एका बंद पडलेल्या दुकानाच्या आवारांत सायकल फिरवीत असतां एका इसमानें तिला उचलून आपल्या गाडींत कोंबलें. हें एका शेजाऱ्यानें प्रत्यक्ष पाहिलें आणि त्यानें लागलीच पोलिसांस कळविलें. म्हणजे गुन्ह्याला साक्षीदार होता, गाडीचें वर्णन होतें, पोलिसांना वर्दीहि वेळेवर पोंचली होती. नव्हतें तें एवढेंच, कीं ही हकीकत त्या घटकेला रस्त्यावरून जाणाऱ्या हजारों लोकांपर्यंत पोंचविण्याचा मार्ग. चार दिवसांनीं त्या अभागी मुलीचें प्रेत एका ओढ्यांत सांपडलें. पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तिचा मारेकरी उजेडांत आलेला नाहीं.

या घटनेनें त्या प्रांतांतील लोक हादरून गेले. तेव्हां एका बाईनें तेथील रेडिओ केंद्रास एक साधीच सूचना केली. चक्रीवादळ येऊं लागलें म्हणजे चालू कार्यक्रम थांबवून तुम्ही लोकांस सावध करतां. मग मूल पळविलें गेलें असतां तसेंच कां करूं नये? डल्लास आणि फोर्ट वर्थ येथील रेडिओ व दूरचित्रवाणीचे चालक आणि पोलिस यांनीं एकत्र बसून ही कल्पना अमलांत आणिली, व त्या मुलीच्या नांवावरून या योजनेला ‘अंबर अलर्ट’ हें नांव पडलें. त्यापूर्वी, म्हणजे १९८० नंतरच्या दशकांत, हरवलेल्या मुलांचीं चित्रें दुधाच्या पुठ्ठ्याच्या डब्यांवर छापण्याची चाल तेथें निघाली होती. तिच्यांत दोष असा, कीं चित्र छापून घरोघर पोंचेपर्यंत कित्येक दिवस उलटून जात. शिवाय रोज सकाळीं न्याहारीच्या वेळीं हरवलेल्या मुलांचे चेहरे पुढें ठेवल्यानें घरचीं मुलें विनाकारण भितात, असा आक्षेप डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्यासारख्या बालवैद्यांनींहि घेतला होता. नव्या योजनेंत पहिल्या दोषाचें निवारण झालें. दुसऱ्याचें कितपत झालें, तें पुढें येईलच.

वेळेला एवढें महत्त्व कां, हें एका चौकशीवरून दिसून येतें. वॉशिंग्टन संस्थानाच्या ॲटर्नी जनरलच्या कचेरीनें २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असें आढळलें, कीं पळवून नेऊन ज्या मुलांचे खून झाले, त्यांतील ७६ टक्के मुलांचा अंत अपहरणानंतर पहिल्या तीन तासांतच झाला होता. तीन तास म्हणजे आपल्याकडे दुपारची झोंप आणि चहा. तेवढ्यांत जें व्हावयाचें तें होऊन जातें.

अमेरिकेंत २००३ सालीं कायदा होऊन या योजनेला सर्व देशभर एकसूत्रीपणा आला, आणि २०१३ पासून ही सूचना मोबाईलवरहि येऊं लागली. ही मोबाईलची युक्ति समजून घेण्यासारखी आहे. आपण जो संदेश एकमेकांस धाडतों तो एका क्रमांकावरून दुसऱ्या क्रमांकावर जातो. लाखों संदेश एकदम सुटले तर मार्ग तुंबतो. या पद्धतींत मनोरा आपल्या टापूंतील सर्व मोबाईलांना एकदम हांक देतो. कोणाचा क्रमांक ठाऊक असावा लागत नाहीं, कोणीं नांव नोंदवावें लागत नाहीं, आणि ज्या प्रदेशांत मूल असण्याचा संभव, तेवढ्याच प्रदेशांत एक कर्कश आवाज होऊन चार ओळींचा मजकूर समोर येतो. दवंडीवाला गल्लोगल्ली फिरे. येथें सर्व गल्ल्यांत तो एकाच क्षणीं उभा राहतो, इतकाच भेद.

पण ही हांक केव्हां द्यावयाची? त्या देशाच्या न्यायखात्यानें यासाठीं सांगितलेल्या अटी मोजक्या आहेत. मूल सतरा वर्षांचें किंवा त्याहून लहान असावें. तें पळविलें गेलें असें मानण्यास पोलिसांपाशीं सबळ कारण असावें. त्याच्या जिवास किंवा शरीरास गंभीर धोका असावा. आणि लोकांनीं ओळखावें इतकें वर्णन हातीं असावें. यांतील शेवटची अट प्रथमदर्शनीं निष्ठुर वाटते. परंतु ज्या सूचनेंत ओळखण्यासारखें कांहींच नाहीं, ती ऐकून लोकांनीं करावयाचें काय? ती नुसती घबराट उत्पन्न करील.

या योजनेमुळें एक हजारांहून अधिक मुलें परत मिळालीं असें अमेरिकन सरकारच्या आंकड्यांवरून दिसतें, आणि त्यांतील एक मूल आपलें असतें तर, या विचारानें तो आंकडा पुरेसा मोठा वाटतो. तथापि तिकडील टिमथी ग्रिफिन नांवाच्या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकानें या यशाचें पृथक्करण करून एक अप्रिय गोष्ट दाखविली आहे. परत मिळालेल्या मुलांपैकीं पुष्कळांना नेणारे परके नव्हते. विभक्त झालेले आईबाप किंवा दुसरे नातलगच होते, आणि मुलाच्या जिवास बहुधा धोका नव्हता. जेथें खरा नराधम होता, तेथें सूचना निघेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असे. परक्यानें पळवून नेण्याचे अत्यंत भयंकर प्रकारहि विरळच. २०११ सालीं एवढ्या मोठ्या देशांत अशा सुमारे १०५ घटना झाल्याचा अंदाज आहे. ही टीका वाचून योजना टाकून द्यावी असें आम्हांस वाटत नाहीं. मात्र आवाज झाला म्हणजे काम झालें, या समजुतींत मात्र कोणीं राहूं नये.

सूचना फार वेळां वाजली तर काय होतें, याचें उत्तर लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या गुराख्याच्या गोष्टींत आपण लहानपणींच ऐकलें आहे. परंतु ऐकणाऱ्यांच्या बाजूलाहि एक दोष असतो. २०१९ च्या फेब्रुवारींत कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतांत एका अकरा वर्षांच्या मुलीसाठीं रात्रीं उशिरा अशी सूचना निघाली. तेव्हां झोंपमोड झाली म्हणून कित्येक नागरिकांनीं चक्क पोलिसांच्या तातडीच्या क्रमांकावर तक्रारी केल्या! त्याच सूचनेमुळें दुसऱ्या एका नागरिकाच्या नजरेस ती गाडी पडली, आणि संशयित पकडला गेला. दुर्दैवानें मुलगी वांचली नाहीं. एकाच रात्रीं, एकाच आवाजानें जागे झालेले हे दोन प्रकारचे लोक. आपण त्यांतील कोणत्या प्रकारांत मोडलों असतों, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं हिंदुस्थानांत ८३,३५० मुलें हरवल्याची नोंद झाली, व त्यांत बासष्ट हजारांहून अधिक मुली होत्या. हा आंकडा गरिबांच्या वस्तीचा, आपला त्याच्याशीं संबंध नाहीं, असें मानणें चुकीचें आहे. मात्र हेंहि खरें, कीं गरिबाचें मूल हरवलें तर त्याची दाद लागणें कठीण असे. दिल्लीजवळील निठारी गांवांतून मुलें एकामागून एक नाहींशीं होत होतीं. आपल्या तक्रारींकडे दुर्लक्ष झालें, असें त्यांच्या आईबापांचें म्हणणें होतें. २००६ च्या डिसेंबरांत तेथें हाडांचे सांगाडे सांपडले तेव्हां सारा देश जागा झाला. पुढें १० मे २०१३ रोजीं ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदलीच पाहिजे, आणि उलट दिसेपर्यंत तें पळविलें गेलें असेंच गृहीत धरलें पाहिजे. ‘चोवीस तास वाट पाहा, मग या’ असें अजूनहि लोक एकमेकांस सांगतात. त्याला कायद्याचा आधार नाहीं.

चुकलेल्या माणसांस हांक मारून घरीं पोंचविण्याची कला आपल्याकडे नव्हती असें नाहीं. प्रयागच्या माघमेळ्यांत राजाराम तिवारी यांनीं १९४६ सालीं ‘भूले भटके शिबिर’ सुरू केलें, आणि पुढें सत्तर वर्षें, २०१६ मध्यें मृत्यु येईपर्यंत, त्या गृहस्थानें हेंच एक व्रत चालविलें. मुंबईंत १९९६ सालीं, म्हणजे अंबरच्या दुर्घटनेच्याच वर्षीं, संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनि सुरू झाला. तो पुढें देशभर पसरला, आणि २०२३ पासून त्याची व्यवस्था सरकारनें आपल्या हातीं घेतली. सर्व मोबाईलांना एकदम हांक देणाऱ्या यंत्रणेच्या चांचण्याहि आपल्याकडे २०२३ सालीं झाल्या. तो मोठा आवाज ऐकून दचकलेले वाचक पुष्कळ असतील. त्या चांचण्या पूर, वादळ, भूकंप अशा आपत्तींसाठीं होत्या. तीच यंत्रणा मुलांसाठीं वापरावयाची तर हुकूम कोणाचा व अटी कोणत्या, हें आधीं ठरलें पाहिजे.

कारण हुकुमावांचून पिटलेली दवंडी काय करते, हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं आठवड्याचा बाजार भरला होता. मुलें पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या सुमारास व्हॉट्सॲपवरून सर्वत्र पसरले होते. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांवर जमावाचा संशय गेला, आणि ग्रामपंचायतीच्या कचेरींत त्यांना ठार मारण्यांत आलें. त्या पांचांपैकीं कोणीहि कोणाचें मूल पळविलें नव्हतें. त्यांच्या घरींहि मुलेंच होतीं, आणि तीं बापाला मुकलीं. जमावांतील प्रत्येक जण आपण मुलांचें रक्षण करीत आहों असेंच समजत होता. संदेश पुढें धाडणाऱ्या कित्येकांचीहि भावना तीच असली पाहिजे: ‘खरें असलें तर? धाडण्यांत काय बिघडलें?’ काय बिघडलें, तें राईनपाड्यास विचारावें.

म्हणून असा संदेश हातीं आला, म्हणजे सुशिक्षित माणसानें चार गोष्टी पाहाव्या. तो कोणत्या पोलिस ठाण्यानें काढला? त्यांत तारीख व वेळ आहे काय? विशिष्ट मूल शोधावयाचें आहे, कीं नुसती ‘सावध राहा’ अशी भीति आहे? आणि कांहीं दिसल्यास कळवावयाचें कोणाला, पोलिसांना कीं एखाद्या अनोळखी खासगी क्रमांकाला? या चारांपैकीं एकाचें उत्तर नसेल तर संदेश आपल्याच हातीं थांबवावा, आणि शंका वाटल्यास ११२ वर विचारावें. पोलिसांचा खरा संदेश असला, तरी मूल सांपडल्याचें कळतांच ज्यांना ज्यांना तो धाडला त्यांना तसें कळवावें. नाहीं तर तें चित्र वर्षानुवर्षें फिरत राहतें, आणि घरीं परतलेलें मूल जगाच्या लेखीं हरवलेलेंच राहतें.

आतां घरांतील गोष्ट. एकत्र कुटुंबांत मुलावर दहा डोळे असतात, हें आपल्या पद्धतीचें भूषण खरेंच. परंतु दहा डोळ्यांतच एक धोका आहे. आईला वाटतें मूल आत्याबरोबर देवळांत गेलें, आत्याला वाटतें काकांबरोबर बाजारांत, आणि काका समजतात तें आईपाशीं निजलें आहे. लग्नकार्यांत, जत्रेंत, आगगाडीच्या फलाटावर मुलें चुकतात तीं बहुधा अशींच. यास उपाय सोपा आहे. मूल ज्याच्या हवालीं करावयाचें त्याला नांवानें सांगावें, आणि ‘हो, माझ्यापाशीं आहे’ असें त्याच्या तोंडून ऐकल्यावरच पाठ फिरवावी.

तरीहि मूल दिसेनासें झालें, तर एकानें घर, गच्ची, विहीर, पाण्याची टांकी, उभी असलेली मोटार व शेजार पाहावा, आणि त्याच वेळीं दुसऱ्यानें ११२ वर कळवावें. एक काम संपल्यावर दुसरें, असें करूं नये. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें हद्दीचा वाद न घालतां कोणत्याहि ठाण्यावर गुन्ह्याची खबर देतां येते. मुलाचें अलीकडील, तोंड स्पष्ट दिसेल असें छायाचित्र दर सहा महिन्यांनीं काढून ठेवावें. मुंजींतील किंवा बारशांतील नटलेलें चित्र ओळखण्याच्या कामीं येत नाहीं. उंची, अंगावरील खूण आणि त्या दिवशींचे कपडे निदान दोघांना सांगतां आले पाहिजेत. पांच वर्षांच्या मुलाला स्तोत्र पाठ येतें, तर स्वतःचें पूर्ण नांव, आईबापांचीं नांवें आणि एक दूरध्वनि क्रमांकहि येऊं शकतो. ‘भटजी येऊन धरून नेतील’, ‘पोलिस पकडतील’ अशी भीति त्याला मुळींच घालूं नये. चुकलेलें मूल मग पोलिसालाच पाहून लपून बसतें.

उलट, दुसऱ्याचें चुकलेलें मूल आपल्यास सांपडलें तर? त्याला जेवूं घालणें हा धर्मच. परंतु घरीं ठेवून घेणें नव्हे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें चोवीस तासांच्या आंत पोलिसांस, १०९८ ला किंवा बालकल्याण समितीस कळविणें प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळविणें हा गुन्हा आहे. त्याचें चित्र काढून आपल्या मनानें सर्वत्र धाडणेंहि योग्य नाहीं. त्याला शोधणारा प्रत्येक जण त्याचा आप्तच असेल असें नाहीं.

शेवटीं एक नाजूक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. हरवलेल्या मुलांत मुलींचें प्रमाण एवढें कां, याचा विचार केला म्हणजे ध्यानांत येतें, कीं सर्वच मुलें कोणी उचलून नेत नाहीं. पुष्कळ स्वतः घराबाहेर पडतात. परीक्षेच्या भीतीनें, माराच्या भीतीनें, मनाविरुद्ध ठरणाऱ्या लग्नाच्या भीतीनें, किंवा गोड बोलणाऱ्या कोणाच्या तरी भरवशावर. अशा वेळीं आपल्यासारख्या घरांतून पहिला विचार येतो तो अब्रूचा. मुलगी मामाकडे गेली आहे असें शेजारीं सांगितलें जातें, आणि दोन दिवस वडील मंडळी दार लावून चर्चा करतात. ज्या तीन तासांची गोष्ट वर सांगितली ते तास इतर कोणीं नव्हे, आपणच गमावलेले असतात. सोळा वर्षांची मुलगीहि कायद्यानें मूलच आहे, आणि जिनें फसून पाऊल बाहेर टाकलें तिच्या जिवाला धोका कमी नसून अधिक आहे. अब्रू सांभाळण्यास पुढें जन्म पडला आहे; मुलगी शोधण्यास कदाचित् तेवढीच दुपार असते.

आणि ती परत आली, तर त्या दिवशीं तिला एकच विचारावें: जेवलीस का? बाकीचे प्रश्न मागाहून विचारतां येतील. घरीं गेल्यावर आपणांस काय ऐकावें लागेल, या धास्तीनें किती मुलें अर्ध्या वाटेवरून मागें फिरत असतील! तीं मागें फिरूं नयेत, एवढें तरी प्रत्येक घराच्या हातीं आहे. त्यासाठीं सरकारच्या हुकुमाची किंवा नव्या यंत्राची वाट पाहावयास नको.